फक्त प्रौढांसाठी, म्हणजे नक्की कुणासाठी?

ऐंशीच्या दशकात वाचायला शिकलेल्या मराठी मुलांना ‘प्रौढ’ हा शब्द दोन ठिकाणी भेटायचा. शाळेच्या भिंतीवर ‘प्रौढ साक्षरता वर्ग’ असं रंगवलेलं असायचं, आणि थेटराबाहेरच्या पोस्टरच्या कोपऱ्यात ‘फक्त प्रौढांसाठी’. पहिल्याचा अर्थ विचारला की घरचे कौतुकाने सांगायचे. दुसऱ्याचा विचारला की ‘पुढे बघून चाल’. शब्द तोच, आणि माणसंही कदाचित तीच. रात्री कंदिलाखाली ‘कमळ’ गिरवणारे काका रविवारी त्या थेटरातही जात असतील. पण एका पाटीवरचा प्रौढ म्हणजे ज्याला अजून काही यायचं आहे असा माणूस, आणि दुसऱ्या पाटीवरचा प्रौढ म्हणजे ज्याला सगळं चालतं असा. थेटरात नेमकं काय दाखवतात, हे त्या पाटीवरून कळायचं नाही. भुताचा सिनेमा असेल, खुनाचा असेल, नाहीतर नवरा-बायकोच्या भांडणाचाही.

इंटरनेटवर आपण रोज अशाच पाट्या पाहतो. ‘अ‍ॅडल्ट’, ‘मॅच्युअर’, ‘सेन्सिटिव्ह’, ‘१८+’, ‘एनएसएफडब्ल्यू’. ‘होय, मी अठरा वर्षांचा आहे’ या बटणामागे काय निघेल याचा नेम नसतो. पॉर्न निघेल, युद्धात मेलेल्या माणसाचा फोटो निघेल, स्तनांच्या कॅन्सरची तपासणी घरी कशी करावी याचा व्हिडिओ निघेल, किंवा दोन पुरुषांनी हातात हात घेतलेलं एखादं चित्र.

या शब्दांचा गोंधळ इंटरनेटने जन्माला घातला, असं म्हणायची पद्धत आहे. तो त्याहून बराच जुना आहे. त्याचा इतिहास पाहताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. लेबल दोन कामांसाठी लावतात, सांगण्यासाठी आणि पकडण्यासाठी. ही दोन कामं एकाच लेबलाला करायला लावली की सांगायचं काम बंद पडतं.

*

सुरुवात १८६८ पासून करू. इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये एक पत्रक जप्त झालं होतं. ते कॅथलिक धर्मगुरूंच्या विरोधात होतं. कबुलीजबाब घेताना धर्मगुरू बायकांना कसले प्रश्न विचारतात, हे त्यात छापलं होतं. हेतू धार्मिक प्रचाराचा, मजकूर मात्र लाज वाटावी असा. ‘रेजिना विरुद्ध हिकलिन’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या त्या खटल्यात सरन्यायाधीश कॉकबर्न यांनी अश्लीलतेची जी कसोटी घालून दिली, तिचा सारांश असा: ज्यांची मनं अशा वाईट प्रभावाला बळी पडू शकतात आणि ज्यांच्या हाती असा मजकूर पडू शकतो, त्यांना बिघडवण्याची प्रवृत्ती त्या मजकुरात आहे का?

ही कसोटी नीट वाचली तर तिच्यात पुस्तकाबद्दल फार थोडं आहे आणि वाचकाबद्दल फार जास्त. पुस्तकात काय आहे यापेक्षा ते कुणाच्या हाती पडेल याची चिंता आहे. हा वाचक कधी कोर्टात येत नाही, कुणी त्याची साक्ष काढत नाही. त्याची फक्त कल्पना केलेली असते.

हिकलिनची कसोटी इंग्रजांबरोबर भारतात आली आणि ते गेल्यावरही इथेच राहिली. १९६४ साली ‘रणजित उदेशी विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच कसोटीच्या आधारे ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ अश्लील ठरवलं. मुंबईतल्या एका पुस्तकाच्या स्टॉलवर ते विकल्याचा तो खटला होता. त्याच काळात दुसरा खटला थेट मराठीतला होता. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा आली, आणि तिच्यावर अश्लीलतेचा आरोप झाला. उच्च न्यायालयाने काकोडकरांना दोषी धरलं. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची सुटका केली. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की समाजाची मापं झपाट्याने बदलत आहेत, आणि केवळ प्रेमाचा किंवा शरीरसंबंधाचा उल्लेख आला म्हणून लेखन अश्लील ठरवायचं, तर तरुणांना धार्मिक पुस्तकांशिवाय काही विकताच येणार नाही. पाच वर्षांत त्याच न्यायालयाच्या नजरेतला वाचक थोडा मोठा झाला होता. एकीकडे इंग्रजी साहित्यात मानाचं स्थान असलेली कादंबरी अश्लील, आणि दुसरीकडे दिवाळी अंकातली लोकप्रिय कथा निर्दोष! यात विसंगती दिसते ती आपण लेबल वस्तूवर लावलेलं आहे असं समजतो म्हणून. ते वाचकावर लावलेलं होतं, आणि वाचक प्रत्येक निकालात वेगळा कल्पिलेला होता.

*

सिनेमाच्या धंद्यात हे लेबल अक्षराचं झालं. ब्रिटनच्या सेन्सॉर मंडळाने १९५१ मध्ये ‘एक्स’ हे प्रमाणपत्र आणलं. त्याआधी भयपटांसाठी ‘एच’ होतं, ते ‘एक्स’मध्ये विरघळलं. म्हणजे सुरुवातीचा ‘एक्स’ भुताखेतांसाठीही होता. अर्थ एवढाच, की सोळा वर्षांखालच्यांना आत सोडू नये.

अमेरिकेत १९६८ साली निर्मात्यांच्या संघटनेने स्वतःची वर्गवारी सुरू केली. तिच्यातही शेवटचं अक्षर ‘एक्स’ होतं. पण बाकीच्या अक्षरांचा ट्रेडमार्क घेतला गेला आणि ‘एक्स’चा नाही, त्यामुळे निर्माता स्वतःच आपल्या चित्रपटाला ‘एक्स’ लावू शकत होता. पुढच्याच वर्षी आलेला ‘मिडनाइट काउबॉय’ एक्स होता आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. १९७१ मध्ये, काहीही न कापता, तोच चित्रपट ‘आर’ झाला. पडद्यावर काहीच बदललं नव्हतं. बदललं होतं ते अक्षराचं बाजारातलं वजन. मधल्या काळात पॉर्नवाल्यांनी ते मोकळं पडलेलं अक्षर उचललं आणि जाहिरातीत एकाऐवजी तीन छापायला सुरुवात केली. तीन एक्स असं प्रमाणपत्र कुठल्याही मंडळाने कधी दिलेलं नाही. लोकांना दूर ठेवण्यासाठी काढलेलं चिन्ह लोकांना बोलावू लागलं, आणि त्या गर्दीत गंभीर सिनेमा काढणाऱ्याला ‘एक्स’ लावणं परवडेनासं झालं. १९९० मध्ये संघटनेने ‘एक्स’ काढून ‘एनसी-१७’ आणलं, या वेळी ट्रेडमार्कसकट. तरीही अनेक थेटरांनी आणि वर्तमानपत्रांनी नव्या अक्षराला जुन्याच नजरेने पाहिलं.

सरकारी अक्षरांशेजारी लोकांची स्वतःची लेबलंही चालू होती. त्यात रंग फार. आपल्याकडे ‘पिवळी पुस्तकं’. चिनीतही अश्लीलतेचा रंग पिवळाच. इंग्रजीत फिल्म ‘ब्ल्यू’, स्पॅनिशमध्ये चावट विनोद हिरवा, जपानमध्ये त्या जातीचे चित्रपट गुलाबी. इटलीत मात्र पिवळं पुस्तक मागितलंत तर दुकानदार रहस्यकथा काढून देईल, कारण तिथल्या एका प्रकाशकाने १९२९ पासून रहस्यकथा पिवळ्या वेष्टनात काढल्या आणि रंगाचंच नाव पडलं. या लेबलांचा उपयोग ठरलेला असतो. माहीत असलेल्याला कळावं, बाकीच्यांना कळू नये. त्यांची संदिग्धता मुद्दाम ठेवलेली असते.

*

इंटरनेट आलं तेव्हा ही दोन्ही प्रकारची लेबलं तिथे शेजारी शेजारी नांदू लागली. फॅनफिक्शनच्या जगात हे सर्वांत स्पष्ट दिसतं. आवडत्या मालिकेतली किंवा कादंबरीतली पात्रं घेऊन चाहत्यांनी स्वतःच्या कथा लिहायच्या आणि एकमेकांना फुकट वाचायला द्यायच्या, असा हा व्यवहार. लिहिणाऱ्या बहुसंख्य बायका, आणि कथांमध्ये शृंगाराला तोटा नाही. तेव्हा लिहिणारणीच वर सूचना देऊ लागल्या. जपानी कार्टूनच्या चाहत्यांनी ‘लेमन’ हा शब्द आणला. १९८४ पासून निघालेल्या ‘क्रीम लेमन’ नावाच्या कामुक मालिकेवरून तो आला. कथेत सगळं उघड असेल तर ‘लेमन’, हातचं राखून असेल तर ‘लाइम’. बाहेरच्याला वाटावं सरबताची चर्चा चालू आहे.

याच वेळी कायदाही शब्द शोधत होता. अमेरिकेने १९९६ मध्ये ‘कम्युनिकेशन्स डिसेन्सी अ‍ॅक्ट’ केला. अल्पवयीनांपर्यंत ‘असभ्य’ मजकूर पोहोचवणं हा त्यात गुन्हा होता. एका कलमात ‘असभ्य’ शब्द, तर पुढच्या कलमात ‘उघडपणे किळसवाणा’ अशा अर्थाची शब्दयोजना. दोन्ही एकच की वेगळे, हे कायद्यात कुठेच सांगितलेलं नाही. १९९७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही कलमं रद्द केली, तेव्हा या अस्पष्टतेवर नेमकं बोट ठेवलं. समलैंगिकतेबद्दल किंवा तुरुंगातल्या बलात्कारांबद्दल गंभीरपणे लिहिणाऱ्याने आपण कायदा मोडतो आहोत की नाही हे ओळखायचं कसं? शिक्षेची भीती असेल आणि शब्द धूसर असेल, तर माणूस गप्प बसणं पसंत करतो.

कायदा गेला, पण त्याच चुका कंपन्यांनी स्वतःच्या नियमांत पुन्हा केल्या. फॅनफिक्शन डॉट नेट ही तेव्हाची सर्वांत मोठी साइट. तिथे लेखक सिनेमाचीच अक्षरं वापरत. २००२ मध्ये साइटने ‘एनसी-१७’ लेबलाच्या कथा बंद केल्या. परिणाम कुणीही सांगू शकेल असा झाला. ज्यांनी प्रामाणिकपणे सर्वांत वरचं लेबल लावलं होतं त्यांच्या कथा गेल्या, आणि ज्यांनी एक पायरी खालचं लावलं होतं त्यांच्या राहिल्या. त्यानंतर तिथे ‘लेमन’ शब्दाचं काम वाढलं, कारण अधिकृत लेबल आता खरं बोलू शकत नव्हतं.

*

या कथेतला सर्वांत वाईट आठवडा मे २००७ मधला आहे. लाइव्हजर्नल या साइटवर लोक रोजनिशी लिहीत आणि आपल्या ‘आवडीच्या विषयां’ची यादी जोडत. यादीतल्या शब्दावर टिचकी मारली की तोच शब्द लिहिणारी इतर माणसं सापडायची. मैत्र जुळवायची ही सोय होती. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्ध काम करतो म्हणणाऱ्या एका गटाने कंपनीकडे तक्रार केली, की तुमच्याकडे अशा अत्याचारांची भलामण करणारी पानं आहेत. ही भीती खोटी म्हणता येणार नाही, अशी माणसं इंटरनेटवर होती आणि आहेत. पण कंपनीने शोध घेतला तो याद्यांमधल्या शब्दांचा. ‘बलात्कार’, ‘कौटुंबिक लैंगिक संबंध’ असे शब्द ज्यांच्या यादीत होते, अशी सुमारे ५०० खाती बंद करण्यात आली.

त्यांत फॅनफिक्शनचे गट होते. नाबोकोव्हच्या ‘लोलिता’वर स्पॅनिशमध्ये चर्चा करणारा गट होता. आणि स्वतः अत्याचार सोसलेल्या, एकमेकींना आधार देणाऱ्या माणसांचे गट होते. त्यांनीही यादीत तोच शब्द लिहिला होता, कारण आपल्यासारखं कुणी सापडावं म्हणून दुसरा कुठला शब्द लिहिणार? ‘आवडीचे विषय’ या मथळ्याखाली तो शब्द आला म्हणून कंपनीने तो आवडीचा धरला. जखमेचं नाव आणि गुन्ह्याचं नाव एकच असतं, हे शब्द शोधणाऱ्या यंत्राला कळण्याचा प्रश्नच नव्हता. पण यंत्र माणसांनीच लावलं होतं. दोनतीन दिवसांत कंपनीच्या प्रमुखांनी माफी मागितली आणि बरीच खाती परत आली.

टंबलर या साइटने पुढे हाच धडा वेगळ्या रीतीने गिरवला. २०१३ मध्ये तिथे दोन लेबलं होती, ‘एनएसएफडब्ल्यू’ आणि ‘अ‍ॅडल्ट’. पहिलं अधूनमधून नग्नता असणाऱ्या ब्लॉगसाठी, दुसरं भरपूर असणाऱ्यांसाठी. किती झालं की अधूनमधूनचं भरपूर होतं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. शिवाय ‘एनएसएफडब्ल्यू’ या अक्षरांचा अर्थ ‘कामाच्या ठिकाणी उघडू नये’. हे लेबल जागेबद्दल बोलतं. पण कुणाची कामाची जागा? बँकेतल्या कारकुनाची, कलाशाळेतल्या मॉडेलची की स्त्रीरोगतज्ज्ञाची? त्याच वर्षी टंबलरच्या मोबाइल अ‍ॅपवर ‘गे’, ‘लेस्बियन’ असे साधे शब्द शोधले की काहीच सापडेनासं झालं. कंपनीचं स्पष्टीकरण होतं की या टॅगखाली बरंच कामुक साहित्य निघतं. एखाद्या गावातल्या पोराला आपण कोण आहोत हे समजून घ्यायला जो शब्द हवा होता, तोच शब्द प्रौढांचा ठरवून झाकला गेला.

नोव्हेंबर २०१८ मध्ये मुलांच्या शोषणाची चित्रं सापडल्यामुळे अ‍ॅपलने टंबलरचं अ‍ॅप आपल्या दुकानातून काढलं. डिसेंबरमध्ये टंबलरने सगळ्याच ‘अ‍ॅडल्ट’ मजकुरावर बंदी जाहीर केली. मुलांचं शोषण हा गुन्हा आहे. त्याला लेबल लावून चालत नाही, त्याचा तपास करावा लागतो. इथे मात्र त्या गुन्ह्याचं उत्तर म्हणून स्वखुशीने काढलेली प्रौढांची चित्रं हटवली गेली. छाननी यंत्राकडे होती, आणि यंत्राने पूर्ण कपड्यातली माणसं आणि व्यंगचित्रंही पकडली. नियमात ‘स्त्रीसदृश दिसणारी स्तनाग्रं’ अशा अर्थाचा एक शब्दप्रयोग होता, ज्याची थट्टा पुढे कित्येक महिने चालली. ज्यांनी आधी प्रामाणिकपणे आपल्या ब्लॉगला ‘अ‍ॅडल्ट’ लेबल लावलं होतं, ते मात्र सहज सापडले.

*

हे सगळं परदेशी कंपन्यांचं झालं. आपल्याकडे लेबल सरकारने लावलं. ३१ जुलै २०१५ रोजी केंद्राच्या दूरसंचार खात्याने ८५७ संकेतस्थळं बंद करण्याचा आदेश इंटरनेट पुरवठादारांना दिला. यादीत निव्वळ विनोदी मजकुराचीही साइट होती. गदारोळ झाल्यावर चारच दिवसांत आदेश सैल करण्यात आला. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने तो पुन्हा अमलात आणायला सांगितलं, तेव्हा मंत्रालयाने यादी तपासून पाहिली. ८५७ पैकी ३० ठिकाणी पॉर्न नव्हतंच. मग ८२७ चा आदेश निघाला.

मला हा तिसाचा आकडा महत्त्वाचा वाटतो. पहिल्या आदेशानंतर तीन वर्षांनी, सरकारच्याच तपासात, निघालेला हा आकडा आहे. यादी एकदा झाली की तिच्यातल्या प्रत्येक नावाला तेच लेबल लागतं. आणि ‘माझी साइट तशी नाही हो’ असं पुढे येऊन सांगायला सहसा कुणी धजत नाही, कारण सांगणाऱ्याकडेच लोक संशयाने पाहतात.

*

मग काय, लेबलं नकोतच? या प्रश्नाचं एक उत्तर २००७ च्या त्या आठवड्यातून निघालं. लाइव्हजर्नलवर पोळलेल्या आणि कंपन्यांच्या मर्जीवर जगायला कंटाळलेल्या चाहत्यांनी त्याच वर्षी स्वतःची ना-नफा संस्था काढली. २००९ मध्ये तिचं ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे कथांचं भांडार खुलं झालं. जाहिराती नाहीत, काम स्वयंसेवकांचं, खर्च देणग्यांतून. २०१९ मध्ये या भांडाराला विज्ञानकथांच्या जगातला ह्यूगो पुरस्कार मिळाला.

या भांडारात लेबलं भरपूर आहेत. कथा सर्वांसाठी आहे, किशोरांपासून पुढे आहे, मोठ्यांची आहे की अगदी उघड आहे, हे लेखक सांगतो. हिंसा, मृत्यू, बलात्कार अशा ठरावीक गोष्टींचे इशारे देतो. पण सोबत आणखी एक पर्याय आहे: ‘लेखकाने इशारे न देण्याचं ठरवलं आहे’. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही पळवाट वाटली होती. आता वाटतं, या साऱ्या इतिहासातलं हे बहुधा सर्वांत प्रामाणिक लेबल असावं. ‘आत काहीही असू शकेल, जायचं तर जा’, एवढं ते सरळ सांगतं. आणि हे जमतं याचं कारण साधं आहे. तिथे वरचं लेबल लावलं म्हणून कथा काढून टाकत नाहीत. खरं बोलल्याची शिक्षा नाही, म्हणून लोक बऱ्यापैकी खरं बोलतात.

या व्यवस्थेवर टीकाही आहे. तिथे काय काय ठेवू दिलं जातं यावर चाहत्यांमध्येच कडाक्याची भांडणं होतात, आणि त्यांतले काही आक्षेप झटकून टाकण्यासारखे नाहीत. शिवाय लहान मुलाने ‘मी मोठा आहे’ असं म्हणून बटण दाबलं, तर ते अडवण्याची ताकद या लेबलातही नाही. पण टंबलरनेही २०२२ मध्ये जेव्हा नग्नतेला पुन्हा थोडी जागा दिली, तेव्हा ती लेखकांनी स्वतः लावायच्या लेबलांसह दिली. चार वर्षांचा वळसा घालून ते तिथेच आले.

आपल्याकडे २०२१ पासून ओटीटीवर ‘७+’, ‘१३+’, ‘१६+’ आणि ‘ए’ अशी सरकारमान्य वर्गवारी आहे, आणि सोबत हे वय कशामुळे, याचं वर्णनही द्यावं लागतं. अक्षरापेक्षा हे वर्णन बरं. ‘शिवीगाळ, आत्महत्येचा प्रसंग’ असं लिहिलेलं असेल तर आज हे पाहायचं की नाही हे मी ठरवू शकतो. नुसत्या ‘ए’वरून मला एवढंच कळतं की कुणीतरी माझ्या वतीने काहीतरी ठरवलं आहे.

प्रौढ साक्षरता वर्गात येणाऱ्या माणसाला वाचता यावं, म्हणजे त्याला बसची पाटी, सावकाराचा कागद आणि औषधाची बाटली स्वतः वाचून ठरवता यावं, अशी त्या वर्गामागची कल्पना होती. दुसऱ्या पाटीवरच्या प्रौढाला तेवढाही मान मिळालेला नाही. त्याला आत सोडतात, पण आत काय आहे ते आधी सांगत नाहीत.